चर्चेअंती सर्वानुमते

ग्रामसभेत जे घडलं ते प्रोसिडिंग बुकात लिहिलेलं असतं, असा ज्यांचा समज आहे त्यांनी एखाद्या ग्रामसेवकाला चहा पाजावा आणि खरं काय ते विचारावं. मी माहूर तालुक्यात हेच काम करते. २०२४ मध्ये सरकारनं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक केली, तेव्हापासून कागदोपत्री मी ग्रामपंचायत अधिकारी आहे. गावाला त्याचं काही नाही. गावासाठी मी ग्रामसेवक मॅडम, आणि कोलामांच्या वस्तीवरच्या, म्हणजे पोडावरच्या, म्हाताऱ्यांसाठी नुसती 'माय'.

सभा उठते तेव्हा माझ्या हातात काय असतं? उपस्थितीच्या रजिस्टरवर सह्या आणि अंगठे, डायरीत खरडलेले चार मुद्दे आणि डोक्यात गलका. प्रोसिडिंग त्या रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी बसून लिहायचं. विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली तरी सविस्तर चर्चा, आणि कुणी तोंडच उघडलं नाही तरी सविस्तर चर्चा. नोकरीला लागले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बजावलं होतं, "मॅडम, प्रोसिडिंगमध्ये भांडण आलं की फाइल परत येते." त्यात लबाडीचा हेतू नसतो. ठराव पुढे सरकावा, काम मार्गी लागावं, एवढंच असतं. विरोधाची एक ओळ लिहिली की पंचायत समितीतून विचारणा होते, प्रकल्प कार्यालयातून शेरा येतो आणि पोराबाळांना पाणी मिळायच्या ऐवजी मला खुलासा लिहीत बसावं लागतं.

पण आमच्याकडच्या ठरावाचं वजन जरा वेगळं आहे, ते आधी सांगायला हवं. माहूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला रेणुकामाता आठवते, दत्तशिखर आठवतं. नवरात्रात गडाखाली पाय ठेवायला जागा नसते. गडाच्या पलीकडे सागाची जंगलं आहेत आणि त्या जंगलाच्या कडेनं गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशी वस्ती आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं जुन्या किनवट तालुक्यातली कितीतरी गावं अनुसूचित क्षेत्रात आली. पुढे माहूर वेगळा तालुका झाला आणि त्यातली काही गावं इकडे आली. अशा गावांना १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत. तिथली ग्रामसभा म्हणजे पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर उरकायचा कार्यक्रम नव्हे. तेंदूपत्ता कसा विकायचा, गौण खनिजाला हो म्हणायचं की नाही, दारूचं दुकान गावात असावं की नसावं, यात तिचा शब्द कायद्यानं मोजला जातो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. मुंबईत विधिमंडळ कायदे करतं; इथं गाव स्वतःपुरते करतं. आणि गावानं काय केलं याचा एकमेव पुरावा म्हणजे माझ्या अक्षरातलं ते प्रोसिडिंग.

या जागी आता यंत्र आलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं 'सभासार' नावाचं साधन जाहीर केलं. सभेचं चित्रीकरण किंवा नुसता आवाज त्यावर चढवायचा आणि त्यानं इतिवृत्ताचा मसुदा तयार करून द्यायचा. लॉगिन पंचायतींच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलचंच. भाषेचं काम सरकारच्या 'भाषिणी' या भाषांतर यंत्रणेवर चालतं, सुरुवातीला तेरा भाषा होत्या आणि त्यात मराठी होती. सुरुवात त्रिपुरातल्या पंचायतींपासून झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये लोकसभा सचिवालयानंही 'संसद भाषिणी'साठी करार केला होता. म्हणजे दिल्लीच्या सभागृहापासून आमच्या समाजमंदिरापर्यंत सभेचं बोलणं ऐकायला यंत्र बसणार हे ठरल्यासारखंच होतं. आमच्यात त्यावर बोलणं सुरू झालं तेव्हा एकजण म्हणाला, "चला, लिहिण्याचा त्रास गेला." दुसरा म्हणाला, "आणि काय लिहायचं हे ठरवण्याचा अधिकारही गेला." दोघंही हसले. मला मात्र दुसऱ्याचं बोलणं जास्त खरं वाटलं.

सरकारी साधन हातात येईपर्यंत थांबण्यापेक्षा हा प्रकार काय आहे ते आपण आधी पाहावं म्हणून मी फोनवरच्या एका साध्या अ‍ॅपवर तालीम सुरू केली. बोललेलं ऐकून लिहून देणारं आणि त्याचा गोषवारा काढणारं असं ते अ‍ॅप होतं. अशी डझनावारी अ‍ॅप आहेत, नाव सांगण्यात अर्थ नाही. आमचा संगणक परिचालक पोरगा या बाबतीत माझ्यापेक्षा चार पावलं पुढे आहे, त्यानंच ते बसवून दिलं.

२०२५ मधला दोन ऑक्टोबर, ग्रामसभेचा दिवस, नेमका दसऱ्याला आला. निम्मं गाव गडावर, सभा तहकूब. पुढच्या आठवड्यात पुन्हा भरली तेव्हा माणसं भरपूर आली, कारण सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यातल्या सोयाबीन-कापसाची वाट लावली होती आणि नुकतंच मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. आपल्या शेताचा पंचनामा झाला का, आपल्या खात्यात किती येणार, हे विचारायला लोक आले होते. पंचनामा महसूलकडे आहे, ग्रामपंचायतीकडे नाही, हे सांगून सांगून घसा बसला. मग अबंध निधीचा विषय आला. फोन मी सरपंचबाईंच्या समोर पाण्याच्या जगाला टेकवून ठेवला होता.

पर्याय दोनच होते. गावठाणात समाजमंदिरापुढे पेव्हर ब्लॉक बसवायचे, की पोडावर नवा बोअर घ्यायचा. गावठाणातली माणसं पुढे खुर्च्यांवर. तांड्यावरची माणसं मध्ये सतरंजीवर. पोडावरची दाराशी, अर्धी आत अर्धी बाहेर. ही बैठक कुणी आखून दिलेली नाही, पण दरवेळी अशीच असते. फोन पुढे होता हे इथं लक्षात ठेवा.

रात्री घरी बसून यंत्राचा मसुदा उघडला. मराठी बऱ्यापैकी होतं, जरा पुस्तकी. 'काहून' आणि 'पाह्यजे' त्यानं सरळ प्रमाण मराठीत धुऊन काढलं होतं. पण मजकूर वाचून मी ताठ बसले. त्यात लिहिलं होतं: एका व्यक्तीने सांगितले की समाजमंदिरापुढे पेव्हर ब्लॉक मागील वर्षीच बसविण्यात आले आहेत. दुसऱ्या व्यक्तीने हे अमान्य केले. एका महिलेने विचारले की पोडावरील हातपंपाला लाल पाणी येते, त्याचे काय करणार. या प्रश्नाला उत्तर देण्यात आले नाही.

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या सगळ्या नोकरीत हे वाक्य मी लिहिलेलं नाही, कुणा सहकाऱ्यानं लिहिलेलं पाहिलेलंही नाही. आमच्या प्रोसिडिंगमध्ये प्रश्न हा प्रकारच नसतो, तिथं फक्त ठराव असतात. आणि त्या पोरीनं तो प्रश्न खरंच विचारला होता. ती पोडावरची, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, मराठी चांगलं बोलते. तिचं बोलणं चालू असतानाच पुढून कुणीतरी पंचनाम्याचा विषय पुन्हा काढला आणि ते वाहून गेलं. मी तिथेच बसले होते. माझ्या डायरीत तो प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मसुदा उपसरपंचांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "मॅडम, हे कुणी लिहायला सांगितलं?" मी म्हटलं, कुणी नाही, फोननं ऐकलं ते लिहिलं. "मग फोनला सांगा, सगळं ऐकायचं नसतं." हे ते गमतीनं म्हणाले नव्हते. त्यांचं म्हणणं अगदीच चूकही म्हणता येणार नाही. गावात माणसाला उद्या पुन्हा एकमेकांचं तोंड बघायचं असतं. सभेत तापून बोललेलं सभेतच विरून जावं, अशी एक समजूत असते आणि तिच्यावर गाव चालतं. पेव्हर ब्लॉकवरून कोण कुणाला काय म्हणालं हे सही-शिक्क्यासकट कागदावर राहिलं, तर पुढच्या लग्नसराईत त्याची उजळणी होईल. 'सर्वानुमते'मध्ये हा शहाणपणा आहे, हे मी मानते. मात्र त्याच शब्दाखाली लाल पाण्याचा प्रश्नही वर्षानुवर्षं गाडला गेला, हेही तितकंच खरं.

आता या यंत्राची दुसरी बाजू, जी मला जास्त काळजीची वाटते.

त्याच सभेत दाराजवळून एक आजी बोलल्या होत्या, बऱ्याच बोलल्या. कोलामीत. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं शेजाराचं, रक्ताचं नव्हे. मला तिच्यातली दहा-वीस वाक्यं कळतात, त्यापलीकडे नाही. पोडावरच्या एका तरुणानं नंतर मला मराठीत सांगितलं: बोअर घ्या, पण जुन्या विहिरीजवळ घेऊ नका, तिथं आमच्या देवाची जागा आहे, असं आजींचं म्हणणं. मसुद्यात या जागी काय असावं? निदान 'अस्पष्ट संभाषण' असं तरी. तसं काही नव्हतं. तिथं नीटस मराठीत लिहिलेलं होतं की विहिरीजवळ बोअर घेण्यास उपस्थितांनी सहमती दर्शविली.

परिचालक पोरगा म्हणाला, मॅडम, त्याला कळलं नाही म्हणून त्यानं अंदाजानं भरलं. या यंत्रांचा हा स्वभावच आहे. पुढचा शब्द काय असण्याची शक्यता जास्त, यावर त्यांचं सगळं गणित चालतं. त्यामुळे कळलं नाही असं म्हणून गप्प बसणं त्यांना जड जातं. ऐकू न आलेल्या जागी ती शोभेलसं काहीतरी बसवतात, आणि इतिवृत्तात शोभणारी गोष्ट म्हणजे सहमती. म्हणजे जिथं ऐकू आलं तिथं यंत्रानं भांडण लिहिलं आणि जिथं ऐकू आलं नाही तिथं सहमती. आमच्या खात्याची परंपरा ते इतक्या लवकर शिकेल असं वाटलं नव्हतं.

मी तपासत बसले नसते तर तो ठराव तसाच किनवटच्या प्रकल्प कार्यालयात गेला असता. तिथून मंजुरी आली असती, गाडी आली असती आणि पोडावर लोक आडवे झाले असते. मग 'ग्रामसभेचा ठराव आहे, आता विरोध कसला' हे वाक्य कुणीतरी त्यांच्या तोंडावर फेकलं असतं.

आदिवासी भाषांसाठी सरकारनं काहीच केलेलं नाही असं नाही. आदिवासी कार्य मंत्रालयानं २०२५ मध्येच 'आदि वाणी' आणलं, त्यात गोंडी आहे, भिली आहे, संथाली आणि मुंडारी आहे. आमच्या गोंड भावांना त्याचा उपयोग होईल तर चांगलंच, जरी प्रत्येक डोंगराची गोंडी वेगळी असते. कोलामी त्यात नाही. तांड्यावरची बंजारा बोली, गोरमाटी, हीही 'सभासार'च्या त्या सुरुवातीच्या तेरा भाषांत नव्हती. ती बोलणारी माणसं देशभर आहेत, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी एक जमात, कातकरी आणि माडिया गोंडांबरोबरची. ज्यांच्यासाठी योजना सगळ्यात आधी, त्यांचा आवाज यंत्राच्या रांगेत सगळ्यात शेवटी. यात यंत्राचा दोष नाही. ज्या भाषेत लिहिलेलं आणि ध्वनिमुद्रित केलेलं काही सापडत नाही, ती त्यानं शिकावी कुठून?

महिला सभेचा अनुभव आणखी वेगळा. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती फक्त कागदावर होते. मी ती घेते, आणि मला विचाराल तर गावचा खरा कारभार तिथंच कळतो. एका सभेत हातभट्टीचा विषय निघाला. कोण गाळतं, कुणाच्या शेतात, कुणाचा पाठिंबा, सगळं बायका बोलायला लागल्या. मध्येच एकीचं लक्ष टेबलाकडे गेलं. "मॅडम, तो फोन चालू हाय काय?" मी बंद केला. त्यानंतर ज्या बोलायच्या थांबल्या, त्या पुन्हा त्या दिवशी बोलल्याच नाहीत, फोन बंद असूनही. नेहमी अशा सभेनंतर मी लिहायची, 'गावात दारूबंदी करण्याची महिलांनी एकमुखाने मागणी केली.' कुणाचं नाव नाही. ते नाव न लिहिणं हेही प्रोसिडिंग लिहिण्याचंच काम असतं आणि ते करायला गाव माहीत असावं लागतं. कोणती बाई कुणाच्या घरात नांदते, रात्री तिच्या दारात कोण येऊन उभा राहू शकतो, हे माहीत असावं लागतं. तेव्हापासून महिला सभेत मी फोन पिशवीत ठेवते. त्याबद्दल कुणी मला खुलासा मागितला तर देईन.

आता कागदाच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. हल्ली ठरावाचा मसुदा, पत्र, प्रस्ताव हे सगळं तरुण पोरं यंत्राकडून लिहून घेतात. वेळ वाचतो, नाही म्हणत नाही. माझ्याकडे एकाहून जास्त गावांचा कारभार आहे, नमुना एक ते तेहतीस भरायचे आहेत, घरकुलं आहेत, वसुली आहे. पण परिचालकानं एकदा आणून दिलेल्या मसुद्यात एका शासन निर्णयाचा हवाला होता. तारीख होती, विभागाचं नाव होतं, विषयही अगदी हवा तसा. शासनाच्या संकेतस्थळावर शोधला तर त्या तारखेचा तसा निर्णयच नाही. खऱ्या शासन निर्णयाला लांबलचक संकेतांक असतो, यात तो नव्हता, म्हणूनच मला शंका आली. माहूरच्या एका परिचालकाला हे घडू शकतं, तर मोठ्यांनाही घडतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयकर खात्याचा करनिर्धारणेचा एक आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले तीन न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्रानं दिलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयानं बजावलं. केरळच्या उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांना धोरणच घालून दिलं की निर्णय देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन वापरायचं नाही.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची गोष्ट तुम्ही वाचली असेल. २०२३ मध्ये तिथल्या एका नगरसेवकानं पाण्याच्या मीटरबद्दलचा कायदा चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. कुणाला न सांगता मांडला, एकमतानं मंजूर झाला आणि मग त्यानं ते जाहीर केलं. जगभर चर्चा झाली ती यंत्रानं कायदा लिहिला याची. मला त्यात नवल वाटलं ते 'एकमतानं'चं. सभागृहातल्या एकानंही तो नीट वाचून प्रश्न विचारला नाही? मग यंत्रानं लिहिला काय आणि कारकुनानं लिहिला काय.

लिहिण्यापुरतं यंत्र असेल तर त्याच्याशी जुळवून घेता येतं. ठरवायला बसवलं की मात्र मला धास्ती वाटते, आणि याचं कारण फार लांबचं नाही. आमच्याकडच्या पुष्कळ सोयरिकी शेजारच्या तेलंगणात, आदिलाबादकडे आहेत. तेलंगणानं 'समग्र वेदिका' नावाची संगणकी व्यवस्था उभारली होती. वेगवेगळ्या खात्यांची माहिती जुळवून एकेका कुटुंबाचं चित्र तयार करायचं आणि रेशनसाठी कोण अपात्र हे त्यावरून काढायचं. नावांच्या साधर्म्यावरून कुणाची तरी गाडी कुणाच्या तरी नावावर लागली, आणि खऱ्या गरिबांची शिधापत्रिका गेली. २०१६ पासून रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची घरोघर जाऊन पडताळणी करा, असा आदेश शेवटी सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला. घरोघर जाऊन! म्हणजे जे काम टाळायला यंत्र आणलं, तेच करायला लागलं. आमच्या बाजूलाही एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसं प्रत्येक तांड्यावर आहेत. आधारवर एक स्पेलिंग, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेत तिसरं. यादीतून नाव गळालेला माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहतो तेव्हा त्याला एकच उत्तर मिळतं, 'सिस्टीमनं काढलं.' या उत्तरावर अपील कुठं करायचं? माणसानं नाव काढलं असतं तर किमान त्याच्याशी भांडता आलं असतं.

ग्रामसभेची गोष्ट निघाली की गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव येतंच. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथं निर्णय बहुमतानं घेत नाहीत. एकाचं जरी पटलं नाही तरी चर्चा चालू राहते. अभ्यासगटात विषय आधी घोळला जातो आणि मग सभेत येतो. तिथल्या सर्वसहमतीत आणि आमच्या प्रोसिडिंगमधल्या 'सर्वानुमते'त जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक कोणतंही यंत्र भरून काढणार नाही. लिहिणाऱ्याला फार तर बोललेलं टिपता येईल; पुरेसं बोलणं होऊ देणं हे सभेचं काम.

मग आता मी काय करते? यंत्र वापरते. सरकारी साधन आमच्याकडे रुळेल तेव्हा तेही वापरेन. त्यानं एक गोष्ट चांगली केली: लाल पाण्याचा प्रश्न मला पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावाच लागला. आयत्या वेळच्या विषयांत नाही, विषय क्रमांक दोनवर. त्या पाण्याचा नमुना तपासणीला गेला. बोअर विहिरीपासून लांब, पोडावरच्या लोकांनी दाखवलेल्या जागी घ्यायचा ठराव झाला आणि त्या ठरावात आजींचं म्हणणं मराठीत, त्यांच्या नावासह लिहिलं. पेव्हर ब्लॉकचा विषय अजून कुणी सोडलेला नाही, तो पुढे येईलच.

शिवाय दोन रिवाज मी पाडले. कोलामीत किंवा गोरमाटीत कुणी बोललं की त्यांच्यातल्याच एकानं उठून ते मराठीत मोठ्यानं सांगायचं, आणि बोलणाऱ्यानं 'हो, असंच म्हणालो' म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. वेळ लागतो. पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी घड्याळ बघतात. दुसरा असा, की सभा उठण्याआधी ठराव तिथल्या तिथे वाचून दाखवायचे. नियमाप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करायचं असतं, पण तोवर मधे महिने गेलेले असतात आणि कुणाला काही आठवत नाही. लगेच वाचलं की माणसं तिथल्या तिथे उठून म्हणतात, "असं कधी ठरलं?" यात यंत्राची खरी मदत होते. पूर्वी सभा संपताना वाचायला हातात काहीच नसायचं, आता मसुदा असतो.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावची ग्रामसभा झाली की दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जा आणि प्रोसिडिंगची नक्कल मागा. मोफत मिळत नसेल तर फी भरा, दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात तुम्ही न दिलेली संमती तुमच्या नावावर लिहिलेली सापडली, तर ती हातानं लिहिली की यंत्रानं, हे विचारत बसू नका. खाली सही ग्रामपंचायत अधिकाऱ्याची असते. जाब त्यांनाच विचारा. माझ्या गावात असाल तर मला.